डांगीची सोयरीक: वाडी-वस्तीवर देशी गाईची जात टिकवण्याची रीत

सोयरीक जमवताना आमच्याकडे आधी देवक विचारतात. दोन्हीकडे एकच देवक निघालं तर स्थळ तिथंच मोडतं. हीच माणसं संध्याकाळी माजावर आलेली कालवड घेऊन वाडीच्या वळूकडे जातात, आणि तो वळू तिचा बाप आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आमच्या घरी हेच झालं. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात आमची डांगी गुरं आहेत. वाडीत एक वळू आठ वर्षं राहिला. देखणा, शांत, पावसाला न हटणारा, म्हणून तो बदलावा असं कुणालाच वाटलं नाही. सहाव्या-सातव्या वर्षी कालवडी उलटायला लागल्या, म्हणजे वळू लागूनही गाभण राहीनात. एक-दोन वासरं जन्मल्यावर उभीच राहिली नाहीत. आम्ही चाऱ्याला दोष दिला, खनिज मिश्रण आणलं, जंताचं औषध पाजलं. शेवटी एका वहीत सगळ्या गाईंचं नातं मांडलं तेव्हा कळलं, की वाडीतल्या निम्म्याहून जास्त गाई त्याच वळूच्या लेकी होत्या आणि त्याच वळूकडून फळत होत्या.

त्यानंतर जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. उदाहरण डांगीचं आहे, कारण मला तीच गाय जवळून माहीत आहे. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, कोकण कपिला, विदर्भातली कठाणी किंवा गोव्यातली श्वेत कपिला पाळणाऱ्यांनाही हिशोब हाच लागू पडतो. फक्त निवडीचे गुण आपापल्या मुलखाप्रमाणे बदलायचे.

टिकवायचं नेमकं काय

डांगी ही नाशिक, अहिल्यानगर, ठाणे-पालघरचा डोंगरपट्टा आणि गुजरातेतलं डांग इथली जात. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके-पट्टे, आखूड जाड शिंगं, काळे टणक खूर. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो. भर आषाढात पाठीवर हात फिरवला तर तो हाताला लागतो. पावसाचं पाणी अंगात न मुरता घरंगळून जातं. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अशा पावसात भाताच्या खाचरात दिवसभर चिखलणी ओढणारा बैल या कातडीवर आणि या खुरांवरच उभा राहतो.

हे गुण आपोआप आले नाहीत. शेकडो वर्षं ज्या गाईला हा पाऊस सोसला नाही तिची वासरं मागे राहिली नाहीत. जिला सोसला तिची राहिली. त्यावर गुराख्यांनी डोळसपणे वळू निवडले. म्हणजे डांगीला पावसानं आणि माणसानं मिळून घडवलं. खिल्लारला माणदेशाच्या दुष्काळानं आणि लांब पल्ल्याच्या चालीनं घडवलं. दोघींच्या शिंगांत जेवढा फरक, तेवढाच आतल्या जनुकांतही आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. सगळ्या डांगी गाई एकसारख्या नसतात, आणि त्यांच्यातला हाच फरक आपलं भांडवल आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती गाईत असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. वासराला तिच्यातली एकच जाते. एखाद्या म्हाताऱ्या गाईत गोचिडाला दाद न देणारी दुर्मीळ प्रत असेल आणि तिच्यामागे लेक किंवा राखलेला वळू उरला नाही, तर ती प्रत त्या वाडीतून कायमची गेली. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी पसरला तेव्हा गावठी आणि संकरित, दोन्ही गोठ्यांत जनावरं दगावली. देशी म्हणजे सगळ्या रोगांना पुरून उरणारी, हा समज धोक्याचा आहे. पुढचा रोग कोणता येईल ते कुणालाच ठाऊक नाही. त्याला तोंड देणारी प्रत आज कदाचित एखाद्या दुर्लक्षित गाईत असेल. कळपात विविधता असली तरच ती पुढच्या पिढीपर्यंत पोचेल.

पहिलं काम: वळू मोजा

जात किती सुरक्षित आहे हे विचारलं की लोक गाईंचा आकडा सांगतात. खरा प्रश्न वळूंचा आहे, कारण निम्मी जनुकं वळूकडून येतात आणि वळू बोटांवर मोजण्याइतके असतात.

यासाठी एक सूत्र आहे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वळूंची संख्या गुणिले गाईंची संख्या, त्याला चारानं गुणायचं, आणि वळू अधिक गाई या बेरजेनं भागायचं. येतो तो कळपाचा प्रभावी आकडा, म्हणजे विविधतेच्या दृष्टीनं तुमचा कळप खरोखर केवढा आहे.

शंभर गाई आणि एक वळू असेल तर उत्तर येतं जेमतेम ४. शंभर गाई दिसतात, पण विविधता चार जनावरांच्या कळपाएवढी. चार वळू केले की तोच आकडा १५वर जातो. निकट प्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, दर पिढीला किती वाढेल हेही यावरून निघतं: एकाला या आकड्याच्या दुपटीनं भागायचं. आकडा ४ असेल तर दर पिढीला साडेबारा टक्के, १५ असेल तर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. पशुपैदाशीत साधारण असं धरतात, की प्रभावी आकडा ५०च्या खाली जाऊ नये आणि ही वाढ पिढीला एक टक्क्याच्या आत राहावी.

एका वाडीला हे जमत नाही. आठ वाड्या एकत्र आल्या तर जमतं. कसं ते पुढे सांगतो.

दुसरं काम: वही

शाळेची दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक जनावराला एक पान द्या. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, नाव, रंग, शिंगाची ठेवण, आई कोण, बाप कोण. जन्म आठवत नसेल तर सणावरून लिहा, "नागपंचमीच्या आधी" एवढंही चालतं. मग माजाची तारीख, कोणत्या वळूकडे नेली किंवा कृत्रिम रेतनाची कोणती कांडी (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) भरली, व्याल्याची तारीख, वासरू पाडा की पाडी, जगलं की मेलं, मेलं तर कधी. फोटो दोन्ही बाजूंनी काढा. डांगीचे ठिपके बोटांच्या ठशासारखे असतात, बिल्ला पडला तरी फोटोवरून गाय ओळखता येते.

बापाचा रकाना सगळ्यांत जास्त रिकामा राहतो. गुरं रानात चरतात, तिथं कोणता वळू लागला हे सांगता येत नाही. तेव्हा खोटं नाव घालू नका, "रान" असं लिहा. चुकीच्या नोंदीपेक्षा रिकामी नोंद बरी, कारण चुकीच्या बापावरून केलेला पुढचा सगळा हिशोब चुकतो. मात्र रानातली पैदास ताब्यात आणायची असेल तर नको असलेले गोऱ्हे वयात यायच्या आत खच्ची करून घ्या. हे एवढं एक काम झालं तरी अर्धी लढाई जिंकलीत.

भारत पशुधन या सरकारी प्रणालीतही कृत्रिम रेतन आणि विण्याच्या नोंदी होतात. त्या जरूर करून घ्या, पण घरची वही सोडू नका. सरकारी नोंदीत "या गाईची आजी गोचिडाला कधीच बळी पडली नाही" असा रकाना नसतो.

तिसरं काम: नातं मांडा

वहीत तीन पिढ्या आल्या की प्रत्येक गाय आणि वळू यांचं नातं बघायचं. बाप-लेकीच्या मिलनातून आलेल्या वासरात निकट प्रजननाचं प्रमाण २५ टक्के असतं, म्हणजे सरासरी तेवढ्या जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. सख्ख्या भावंडांतही तेवढंच. सावत्र भावंडं किंवा आजोबा-नात असेल तर साडेबारा टक्के. त्यापुढे चुलत-मावस नात्यात ते सव्वासहा टक्के किंवा त्याखाली येतं, आणि लहान मुलखात तेवढं चालवून घ्यावं लागतं.

परिणाम एकदम दिसत नाहीत. गाई उलटतात, दोन वेतांतलं अंतर वाढतं, वासरं चणीनं लहान होतात, अशक्त जन्मतात. चारा कमी पडला तरी हीच लक्षणं दिसतात, म्हणून आमची फसगत झाली. ओळखायची खूण अशी: एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर, बाहेरून आणलेल्या वळूची वासरं धडधाकट असतील आणि घरच्या वळूची तेवढी कमजोर असतील, तर आधी नातं तपासा.

चौथं काम: वळू निवडणं

इथं थोडं थांबतो, कारण सगळ्या चुका इथंच होतात.

राजूर आणि घोटीच्या प्रदर्शनांत डांगी वळू बघण्यासारखे असतात. ती प्रदर्शनं नसती तर ही जात आज एवढीही राहिली नसती असं मला मनापासून वाटतं. पण प्रदर्शनात वळू एका दिवशी, धुऊन पुसून, पोसून आणलेला दिसतो. रंग, बांधा, वशिंड, चाल यांवर नंबर निघतो. त्याची आई किती वेळा व्याली, त्याची बहीण पावसात लंगडली का, हे कुणी विचारत नाही. नंबर आलेल्या वळूकडे मग आजूबाजूच्या दहा वाड्यांच्या गाई जातात, आणि पाच वर्षांनी दहा वाड्यांत एकाच बापाच्या लेकी उभ्या राहतात.

म्हणून निवड वळूपासून सुरू करू नका, त्याच्या आईपासून करा. ती निदान तीन वेतं झालेली असावी, तीही फार अंतर न पडता. वाडीत तिचा एक तरी पावसाळा आजाराविना गेलेला बघितलेला असावा. तिची सगळी वासरं जगलेली असतील तर ती सोन्यासारखी गाय समजा, मग तिचा रंग प्रदर्शनाच्या साच्यात न बसेना का. रंगाबद्दल देवणीचं उदाहरण घ्या. तिच्यात पांढरी बालंक्या, पांढऱ्या अंगाची पण काळ्या चेहऱ्याची वानेरा आणि काळी-पांढरी ठिपक्यांची शेवरा असे तिन्ही प्रकार एकाच जातीत धरलेले आहेत. उद्या सगळ्यांनी फक्त वानेराच ठेवायचं ठरवलं, तर बाकीच्या दोघींबरोबर आणखी काय काय जाईल ते मोजताही येणार नाही.

आई पसंत पडली की गोऱ्ह्याची परीक्षा वर्षभर घ्या. ही परीक्षा स्वस्त आहे.

आषाढ-श्रावणात आठवड्यातून एकदा खूर उचलून बघा. बेचक्यात कुजलं आहे का, खूर मऊ पडला आहे का, चालताना एखादा पाय आखडतो का. भात लावणीच्या दिवसांत पाठीवरून तळवा फिरवून कातडीचा तेलकटपणा बघा आणि केस अंगाला चिकटून ओले राहतात की पाणी निघून जातं ते लिहा. भाद्रपदात पोट आत गेलं का, म्हणजे पावसाळ्यात खाणं कमी पडूनही अंग टिकलं का, ते छातीचा घेर फितीनं मोजून नोंदवा. हाच घेर पुन्हा वैशाखात मोजा. गोचिडांची मोजणी अंगाच्या एकाच बाजूनं करा, फक्त रक्त पिऊन फुगलेल्या मोजा, आणि औषध मारण्याआधी मोजा. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनच्या सुमाराला सावलीत उभ्या गोऱ्ह्याची कूस मिनिटाला किती वेळा हलते, म्हणजे श्वास किती चालतो, तेही मोजता येतं. एकटा आकडा काही सांगत नाही. त्याच गोठ्यातल्या बरोबरीच्या गोऱ्ह्यांशी तुलना केली की कोण ऊन सोसतो ते दिसतं.

अट एकच. परीक्षा चालू असताना त्या गोऱ्ह्याचे लाड करायचे नाहीत. पेंड घालून पक्क्या गोठ्यात ठेवलेला गोऱ्हा पावसाला किती टिकतो हे कसं कळणार? जात मुलखाशी जुळलेली राहते ती त्या मुलखात वाढली आणि निवडली गेली तर. शहराजवळच्या गोशाळेत शंभर डांगी ठेवल्या तरी दहा पिढ्यांनी त्यांच्यात पावसाची परीक्षा पास झालेलं काही उरेल याची खात्री देता येत नाही.

शेवटी अंडकोश दोन्ही उतरलेले आणि सारखे आहेत ना, पाय सरळ आहेत ना, आणि स्वभाव. मारका वळू कितीही देखणा असला तरी नको. स्वभावही वासरांत उतरतो.

पाचवं काम: वळूची फेरी

आठ वाड्या, प्रत्येकीत पंचवीसेक गाई, असं धरा. दोनशे गाई झाल्या. प्रत्येक वाडीत एका वेळी एक वळू. डांगी कालवड तीन वर्षांच्या आसपास माजावर येते, म्हणून कोणताही वळू एका वाडीत तीन वर्षांहून जास्त ठेवायचा नाही. त्याच्या लेकी मोठ्या होण्याआधी तो गेला पाहिजे. आमच्या घरी हा एकच नियम पाळला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

आता फेरी. पहिल्या वाडीत निवडलेला तरणा वळू दुसऱ्या वाडीला जातो, दुसरीचा तिसरीला, आणि आठवीचा पहिलीला. गाई-कालवडी आपापल्या वाडीतच राहतात, फिरतात ते वळू. लेकी सासरी जातात त्याच्या बरोबर उलट. दिशा कधीही बदलायची नाही, नाहीतर नात्याचा गुंता होतो. शक्य असेल तर प्रत्येक वळूमागे एकच वारस गोऱ्हा ठेवा. एका वळूचे चार मुलगे आणि दुसऱ्याचा एकही नाही, असं झालं की आठातले पाच-सहाच बाप खऱ्या अर्थानं उरतात.

डांगीची एक पिढी साधारण सहा वर्षांची धरली, तर आठ वाड्यांत दर तीन वर्षांनी नवे वळू म्हणजे एका पिढीत सोळा बाप झाले. सूत्रात घाला: चार गुणिले सोळा गुणिले दोनशे, भागिले दोनशे सोळा. उत्तर ५९. ढोबळ हिशोब आहे, पण पन्नासची रेघ ओलांडली. नव्या गाई विकत न घेता आणि सरकारी योजनेची वाट न बघता हे होतं.

पैशाची बाजू आधी ठरवून घ्या. वळू पाळणाऱ्याला चाऱ्याचा भार पडतो, आणि मोफत सेवेच्या अपेक्षेनं तो दोन वर्षांत कंटाळतो. आम्ही गाय गाभण ठरली की रक्कम द्यायची असं ठरवलं, शिवाय प्रत्येक घरानं सुगीनंतर पेंढ्याचे भारे. तुमच्याकडे वेगळं जमेल, पण लेखी असू द्या.

वळू हलवायचे ते भात काढून झाल्यावर, थंडीत. आणण्याआधी पशुवैद्यकाकडून ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी करून घ्या. एका रोगट वळूमुळे आठही वाड्यांत गाभ पडू शकतो. तपासणी चांगली आली तरी नवा वळू तीन आठवडे वेगळा बांधा. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचून घ्या, वळूंना मात्र ही लस देत नाहीत.

कांडी वापरायची असेल तर

कृत्रिम रेतनाला माझा विरोध नाही. दूरच्या, नात्यात नसलेल्या वळूची जनुकं दारात येतात हा मोठा फायदा आहे, आणि रोगाची भीतीही कमी. पण एका वळूच्या हजारो कांड्या निघतात. सगळ्या तालुक्यात एकाच वळूची कांडी गेली तर आठ वर्षं राहिलेल्या वळूनं आमच्या वाडीत जे केलं ते ती तालुकाभर करेल.

म्हणून डॉक्टर आले की वळूचा क्रमांक विचारा. तो कांडीवर छापलेला असतो. भरून झाल्यावर रिकाम्या कांडीचा फोटो काढा आणि क्रमांक वहीत उतरवा. एकाच क्रमांकाची कांडी वाडीतल्या पाचव्या हिश्शाहून जास्त गाईंना नको. आणि कांडी डांगीचीच हवी. हल्ली "देशीच तर आहे" म्हणून डांगीला गीरची कांडी सर्रास भरतात. गीर उत्तम गाय आहे, तिच्या सौराष्ट्रात. इथं पहिल्याच वेतात निम्मी डांगी गेली. ती परत आणायला पुढे सतत डांगीचाच वळू लावला तर पाऊणवर यायला एक पिढी, आणि चौऱ्याण्णव टक्क्यांच्या जवळ पोचायला तीन पिढ्या, म्हणजे पंधरा-अठरा वर्षं लागतात. थोडं दूध वाढेल, पण लावणीच्या पावसात खुरं सडलेला बैल हाती येईल.

मदत कुठं मिळते

जातींची नोंदणी आणि जनुक संवर्धन यांचं काम कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आहे. जात टिकवणाऱ्या पशुपालकांना ते पुरस्कारही देतात. महाराष्ट्रात पैदाशीचं काम राज्याचं पशुधन विकास मंडळ बघतं, आणि उरळी कांचनची बाएफ ही संस्था या क्षेत्रात दीर्घकाळ काम करते आहे. निवृत्त होणारा वळू खरोखर असामान्य असेल तर त्याचं वीर्य गोठवून ठेवता येईल का, हे अशा संस्थांना विचारायचा संकोच करू नका. चार पिढ्यांनंतर फेरीत नवं रक्त हवं झालं, तर तेच जुनं रक्त उपयोगी पडतं.

जनुकीय चाचणीही आता आवाक्यात येऊ लागली आहे. देशी गाईंसाठी बनवलेली गौचिप ऑक्टोबर २०२४मध्ये आपल्या वाशिम जिल्ह्यातच जाहीर झाली. वहीत "रान" लिहिलेल्या रकान्यांचं उत्तर पुढेमागे अशा चाचणीतून मिळू शकेल. पण चाचणीला काय विचारायचं हे वहीच सांगते.

सुरुवात वाघबारशीला करा. वाघोबाच्या ठाण्यापाशी सगळे गुराखी त्या दिवशी एकत्र असतात, आणि गावात वसुबारशीमुळे गाय-वासरं जोडीनं ओवाळायला बांधलेली असतात. कोण कुणाचं वासरू हे वर्षात इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच दिवशी दिसत नाही. वही, पेन, फोटो काढायला मोबाईल, आणि शेजारी वाडीतली ती म्हातारी बसवा जिला प्रत्येक गाईची आई, आजी आणि पणजी तोंडपाठ आहे. ती सांगेल ते आधी सगळं उतरवून घ्या.